गॅलाटरच्या कुरणातली घरं

वेलाकोम, डेव्हन
८ मार्च १९७६

मिस्टर विल्फ्रेड हॅनाफर्ड यांना,

तुम्ही मला ओळखत नाही. मी थर्झा ल्युस्कम. तुमचा थोरला भाऊ एनॉक राहतो त्याला लागूनच माझं घर. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. आता मी, माझी अकरा बदकं आणि भिंतीपलीकडे तुमचा भाऊ. बदकांचा त्रास कमी.

एनॉकला गेली दोन वर्षं दिसत नाही. उजेड कळतो, माणूस कळत नाही. कबूल मात्र करत नाही. परवा चहात मीठ घालून प्यायला आणि वर म्हणाला, मला असाच आवडतो. त्याचे कागद मीच वाचून दाखवते. परवा पेन्शनचं पुस्तक शोधताना कपाटाच्या खालच्या खणात तुमची सात पत्रं सापडली. एकही फोडलेलं नाही. मीही फोडली नाहीत. पाठीमागचा पत्ता तेवढा उतरवून घेतला.

काम असं आहे. तुमच्या घराण्यानं चार पिढ्या गॅलाटरच्या कुरणावर मांसासाठी आणि कातड्यासाठी ससे राखले. चिनी मातीच्या खाणीला आता तिथे आपली टाकाऊ पांढरी वाळू ओतायची आहे. जमिनीचे मालक तयार आहेत. पण सरकारच्या जुन्या वास्तूंच्या खात्यातून एक मुलगी आली आहे, मिस टिलिंग म्हणून. अंगानं काडी, पण पावसात दिवसभर फीत धरून उभी असते. कुरणावर गवतानं झाकलेले ते लांबट उंचवटे आहेत ना, एनॉक ज्यांना 'घरं' म्हणतो, ते शेकडो वर्षांपूर्वी मुद्दाम सशांसाठी रचले असावेत असं तिला वाटतं. खाणवाले म्हणतात, छे, पूर्वी इथे कथिल खणून काढणाऱ्यांनी टाकलेली माती आहे ती. तिच्याकडे पुरावा नाही. ऑक्टोबरात सुनावणी आहे. पुरावा मिळाला तर कुरण वाचेल.

ती एनॉककडे तीनदा आली. पहिल्यांदा त्यानं तिला बसवलं, बोललाही. मग तिनं विचारलं, "इथले शेवटचे ससे कधी गेले?" तो उठला आणि दार उघडून उभा राहिला. पुढच्या दोन्ही वेळा दारच उघडलं नाही.

मी रागावले तेव्हा म्हणाला, "सशांचं घर कसं रचतात हे ठाऊक असलेला जगात आणखी एकच माणूस आहे. आणि तो मला मेला."

म्हणून मी मेलेल्या माणसाला लिहिते आहे. जिवंत असाल तर उत्तर द्या.

थर्झा ल्युस्कम


करांडी, न्यू साउथ वेल्स
२४ मार्च १९७६

मिसेस ल्युस्कम यांना,

जिवंत आहे. गुडघे तेवढे आधी गेले.

ती पत्रं न फोडलेली आहेत हे कळवलंत, आभारी आहे. बावीस वर्षं मी समजत होतो की तो वाचतो आणि उत्तर देत नाही. आता त्यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

आमचं भांडण कशावरून झालं हे तुम्हाला माहीत असायला हवं. मी १९२४ मध्ये इकडे आलो ते भांडून नव्हे. एका कुरणावर दोन संसार चालत नव्हते, एवढंच. एनॉकनं मला बोटीवर बसवलं तेव्हा स्वतःचा कोट काढून दिला होता. इथे काय झालं, तर ससेच ससे. तिकडे आम्ही त्यांच्यासाठी घरं बांधायचो, इकडे सरकारनं मला त्यांना मारायला नोकरीवर ठेवलं. विषारी गाजरं, सापळे, कुंपणं. १९५० साली एक रोग आला, मिक्सी. सशाचे डोळे सुजून बंद होतात, कान-तोंड फुगतं, दहा-बारा दिवसांत मरतो. आम्ही सशांना तो टोचून नदीकाठी सोडायचो. उन्हाळाभरात मैलच्या मैल ओस पडले. लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतलं. मीही फुशारकीनं एनॉकला सगळं लिहून कळवलं. मूर्ख होतो.

मग तो रोग युरोपात पोचला, तिथून इंग्लंडात. १९५४ च्या नाताळात एनॉकचं एका ओळीचं पत्र आलं. 'तुझं काम गॅलाटरपर्यंत पोचलं. पुन्हा लिहू नकोस.'

आता घराबद्दल. १९१२ मध्ये वडिलांनी एक नवीन घर रचलं. झऱ्याच्या वर, वाकड्या खडकाच्या डाव्या हाताला. मी दहा वर्षांचा, एनॉक तेरा. आधी उताराच्या दिशेनं लांब चर खणला, हातभर खोल. त्याला दोन्ही बाजूंनी अगदी समोरासमोर फाटे काढले. वर सपाट दगड झाकले. मग त्यावर माती आणि हाताला लागतील ते मोठाले धोंडे लोटून ढीग केला. झालं घर. मिस टिलिंगना सांगा, तिथे खणून बघा.

हे एनॉकला वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

विल्फ्रेड हॅनाफर्ड


वेलाकोम
१९ एप्रिल १९७६

मिस्टर हॅनाफर्ड,

वाचून दाखवलं. तो जेवत असताना, म्हणजे हातात काटा असेल, काठी नसेल.

"कुणाचं पत्र?" त्यानं विचारलं.

"ऐक तर."

पहिल्या ओळीलाच तो थांबला. काटा खाली ठेवला. मी वाचत राहिले. कोटाचं वाचलं तेव्हा काहीतरी पुटपुटला. कोटाचं वाचलं तेव्हा काहीतरी पुटपुटला. मला वाटलं, आता उठून जाईल. मग मी घराचा मजकूर वाचला, आणि त्यानं टेबलावर असा हात आपटला की वाटाणे जमिनीवर.

"समोरासमोर? समोरासमोर फाटे?"

"असं लिहिलंय."

"गाढव आहे गाढव! समोरासमोर काढले तर वरचा दगड बसेल कशावर? एक डावीकडे, मग दोन हात पुढे एक उजवीकडे. आणि धोंडे? घरात धोंडे? मादीनं पिल्लांसाठी उकरायचं कुठे, धोंड्यात? बाबांनी सगळी माती हातानं चाळून घेतली होती, मुठीपेक्षा मोठा दगड दिसला की माझ्या पाठीत धपाटा!"

"मग मला काय सांगतोस? त्या मुलीला सांग."

त्यानं ताट बाजूला सारलं. वाटाणे मी वेचले. मग म्हणाला, "तिला बोलाव. तो मूर्ख तिला भलतंच शिकवून ठेवायचा."

काल रविवारी तिघं वर गेलो. मी त्याचा हात धरायला गेले तर झटकला. पायांनी बघत चालला होता, मिस्टर हॅनाफर्ड. खरं सांगते. जरा थांबायचा, टाच रोवायचा, म्हणायचा, "हा चर. म्हणजे उजवीकडे म्हातारीचं घर." आणि उजवीकडे उंचवटा. प्रत्येकाला नाव आहे. म्हातारीचं घर, लांबुडकं, बिशपची गादी. मिस टिलिंगनं तिच्या नकाशावर एकोणीस दाखवले होते. त्यानं तिला सव्वीस दाखवले, आणि त्यातले सात मला अजूनही दिसत नाहीत.

तुम्हाला काही निरोप आहे का, असं त्याला विचारलं. म्हणाला, "नाही." मग दारातून परत आला. म्हणाला, "लिही, की कोट परत करायची गरज नाही."

थर्झा ल्युस्कम


करांडी
६ मे १९७६

एनॉक,

कोटाबद्दलचा तुझा निरोप बावन्न वर्षांनी मिळाला. कोट १९३१ मध्ये उंदरांनी खाल्ला, तेव्हा परत करता येणारच नव्हता.

तुझं बरोबर असेल. माझी आठवण आता चाळणीसारखी झाली आहे. मिस टिलिंगना तूच सगळं नीट सांग. वडिलांनी झऱ्याकाठच्या जुन्या घरांना आपल्याला कधी हात लावू दिला नाही, तेही सांग. 'ती आपली नाहीत, आपल्याआधीची आहेत,' म्हणायचे.

बाकीचं मी सात पत्रांत लिहिलं आहे. पुन्हा लिहीत नाही. तुला वाटलं तर मिसेस ल्युस्कमकडून वाचून घे. सातही पत्रांत एकच गोष्ट आहे.

विल्फ

(मिसेस ल्युस्कम, हा वेगळा कागद त्याला वाचून दाखवू नका. फाटे आलटूनपालटून असतात हे मला चांगलं आठवतं. तो धपाटा मीही खाल्ला आहे. पण बरोबर लिहिलं असतं तर तो बोलला असता का?)


वेलाकोम
३० ऑगस्ट १९७६

विल्फ,

हे थर्झा लिहून घेते आहे. तिला सांगितलं आहे की मध्ये स्वतःचं काही घालायचं नाही.

(घालत नाही. — थ.)

पाऊस नाही. मे महिन्यापासून थेंब नाही. विहिरी आटल्या, पलीकडच्या डोंगराला दोनदा आग लागली. म्हातारी माणसं म्हणतात असा उन्हाळा पाहिला नाही, आणि म्हातारी माणसं म्हणजे मीच. पण कुरणाचं भलं झालं. उंचवट्यांवरचं गवत जळून पिवळं पडलं आणि भोवतीच्या चरांत ओल होती तिथे हिरवं राहिलं. मिस टिलिंग टेकडीच्या माथ्यावर चढली आणि तिथूनच ओरडायला लागली. एकेक घर आखून काढल्यासारखं दिसत होतं म्हणे. तिनं त्रेचाळीस मोजली. मला सव्वीस माहीत होती. सतरा घरांवरून मी आयुष्यभर चाललो आणि मला पत्ता नव्हता.

तिनं दोन ठिकाणी आडवे खड्डे घेतले. एक वडिलांच्या घरात. आत दगडांनी झाकलेली वाट निघाली, फाटे आलटूनपालटून. दुसरा झऱ्याकाठच्या जुन्या घरात. तिथेही हुबेहूब तशीच वाट. मी पोटावर पडून आत हात घातला. त्या वाटेच्या तळाशी गाळात एक खापर सापडलं, हिरवट झिलईचं. संग्रहालयातले म्हणतात, सातशे वर्षांपूर्वीचं. सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी तसाच चर खणला, विल्फ, आणि त्याच्याही बापानं त्याला धपाटा घातला असेल.

आता दुसरी गोष्ट. थर्झानं सातही पत्रं वाचून दाखवली. रोज एक, सात दिवस. तू सातदा माफी मागितलीस. सातव्या पत्रात लिहिलंस की तुझी बायको मेव्हिस वारली आणि तिच्या शेवटच्या आजारातही तू तिला हेच सांगत होतास, की मी माझ्या भावाचं कुरण मारलं.

ते तू मारलं नाहीस.

१९५४ च्या उन्हाळ्यात खालच्या गावांत मिक्सी आली होती, पण कुरण स्वच्छ होतं. मधे ओढा होता, भिंत होती. आधीच्या हिवाळ्यात खूप ससे गारठून मेले होते, म्हणून सप्टेंबरात मी बाजारात गेलो आणि एका अनोळखी विक्रेत्याकडून बारा माद्या घेतल्या. लाकडी खोक्यात. त्यातल्या एकीच्या डोळ्यातून पाणी येत होतं. मी पाहिलं. तिला उचलून उजेडात धरलं, नीट पाहिलं, आणि स्वतःला सांगितलं की रस्त्याची धूळ असेल. आणि माझ्या हातानं तिला वडिलांनी रचलेल्या घरात सोडलं.

अकराव्या दिवशी पहिला आंधळा ससा वाटेवर बसलेला दिसला. मी जवळ गेलो तरी हलला नाही. नंतरचे तीन आठवडे मी काय केलं ते तुला ठाऊक आहे, तूही केलं आहेस. दिसेल त्या आजारी सशाला संपवत काठी घेऊन फिरत होतो. संपल्यावर घरी आलो आणि तुला ती ओळ लिहिली. कुणावर तरी टाकायचं होतं. तू फार लांब होतास, उलट बोलणार नव्हतास.

त्या मुलीनं विचारलं, शेवटचे ससे कधी गेले, म्हणून मी दार उघडलं. वाळू येत होती ते एका परीनं बरंच वाटत होतं. सगळं खाली गेलं असतं, ते खोकंसुद्धा.

आता तू बघ काय करायचं ते.

एनॉक

(त्यानं सांगितलं तसं एकेक अक्षर लिहिलं आहे. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. — थ.)


वेलाकोम
९ नोव्हेंबर १९७६

मिस्टर हॅनाफर्ड,

दहा आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. पोस्टमन रोज दारावरून जातो आणि एनॉक रोज मला सांगतो की आपण पोस्टमनची वाट बघत नाही.

तुम्ही रागावला असाल तर त्यात मला काही गैर दिसत नाही. मीही त्याच्याशी चार दिवस बोलले नाही. मग त्याच्या घरातून जळल्याचा वास आला, जावं लागलं. हे पत्र त्याची बाजू मांडायला नाही. सुनावणी झाली, ती तुम्हाला कळायला हवी म्हणून लिहिते.

सुनावणी गावच्या सभागृहात झाली. खाणीनं लंडनहून वकील आणला होता, गोरागोमटा, बुटांना आरशासारखं पॉलिश. मिस टिलिंगनं नकाशे मांडले, खापर दाखवलं. वकील म्हणाला, एक खापर उंदीरसुद्धा आत नेऊ शकतो. मग एनॉकला बोलावलं.

"मिस्टर हॅनाफर्ड, तुम्हाला दिसत नाही, हे खरं ना?"

मला वाटलं, आता नाही म्हणेल. चहात मीठ घालणारा माणूस. पण सगळ्या गावासमोर म्हणाला, "खरं. काहीच दिसत नाही."

"मग हे खाणीचे ढीग नाहीत असं तुम्ही कसं सांगता?"

"तुम्हाला दिसतं ना? मग तुम्ही सांगा. खाणवाला माती कुठे टाकतो?"

"मी इथे उत्तरं द्यायला—"

"खड्ड्याच्या काठावर टाकतो. फावडं जिथवर जातं तिथवर. दगडधोंड्यांसकट. आता त्रेचाळीस ढीग आहेत आणि त्यांच्याजवळ एकही खड्डा नाही. सगळे उताराच्या दिशेनं लांब. सगळ्यांची माती चाळलेली. आणि भोवती चर, पाणी आत जाऊ नये म्हणून. वकीलसाहेब, टाकलेल्या मातीला सर्दी होईल म्हणून कुणी चर खणतं का?"

लोक हसले. सुनावणीचे अधिकारीसुद्धा खाली बघून कागद चाळू लागले.

वकील तयारीचा होता. म्हणाला, "समजा, ससे होते. आता कुठे आहेत? रिकामी घरं राखून काय करायचं?"

एनॉकनं दोन्ही हात काठीवर ठेवले. मग तो म्हणाला, "ते माझ्यामुळे गेले. मी आजारी ससा आणून सोडला. बावीस वर्षं मी ते माझ्या भावावर, विल्फ्रेडवर ढकललं. पण मी एक होतो. ती घरं रचणारे कितीतरी होते. माझ्या एका चुकीसाठी त्यांचं काम बुजवू नका."

वकिलानं पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अधिकारी कुरण बघायला आले. आंधळा माणूस पुढे आणि चौदा डोळस माणसं त्याच्यामागे चिखलात. त्या पॉलिशच्या बुटांकडे मला बघवत नव्हतं. निकाल हिवाळ्यात लागेल.

त्यानं तुमचं नाव घेऊन सांगितलं, एवढंच कळवायचं होतं.

थर्झा ल्युस्कम


करांडी
२ डिसेंबर १९७६

एनॉक,

तुझं पत्र सप्टेंबरातच मिळालं. ते मी घड्याळामागे ठेवलं. नंतर पाच उत्तरं लिहिली आणि पाचही चुलीत घातली. हे सहावं.

तुला कळायला हवं म्हणून लिहितो. माझी मुलगी बेरिल सात वर्षांची असताना तिला शेजाऱ्यांनी पांढरा ससा दिला होता. मी तो त्याच संध्याकाळी परत करून आलो. ती आठवडाभर रडली आणि मी तिला कारण सांगू शकलो नाही. मी जत्रेला गेलो नाही, कारण तिथे सशांचे पिंजरे असतात. मेव्हिस म्हणायची, भाऊ एवढा निष्ठुर कसा असेल? मी म्हणायचो, त्याची बाजू बरोबर आहे. बावीस वर्षं मी तुझी बाजू घेतली, एनॉक. माझ्याच घरात, माझ्याविरुद्ध.

पहिल्या पाच पत्रांत हेच होतं, जरा वाईट शब्दांत.

मग मिसेस ल्युस्कमचं पत्र आलं. ते वाचून तुझं पुन्हा काढलं. तू त्या मादीला उजेडात धरलंस, पाहिलंस आणि धूळ समजलास. मी सुईनं टोचलेल्या सशांना टोपलीतून काढून गवतात ठेवायचो आणि त्यांना काय होणार हे मला पुरतं माहीत होतं. तू चुकून केलंस ते मी पगार घेऊन केलं. तेव्हा मी सात पत्रांत खोटी माफी मागितली असं नाही. फक्त ती तुझ्याकडे नव्हे, त्या सशांकडे मागायला हवी होती.

राग गेला असं लिहिणार नाही. इतक्या वर्षांचा आहे, आठवड्यात जाणार नाही. पण तो इथे बसून काढायचा की तिथे, हे ठरवता येतं. बेरिल म्हणाली, "बाबा, तिथे जाऊन भांडा, पत्रातून तुम्हाला जमत नाही." तिनं एप्रिलचं विमानाचं तिकीट काढलं आहे. मला यायचं आहे. तुला नको असेल तर मार्चपर्यंत कळव.

विल्फ


वेलाकोम
२१ फेब्रुवारी १९७७

विल्फ,

ये.

निकाल लागला. सदतीस घरं वाचली, खालच्या अंगाची सहा गेली. बिशपची गादी गेली. मिस टिलिंग रडली, मी नाही. सदतीस पुष्कळ झाली.

आता गंमत ऐक. सरकारी कागदात लिहिलं आहे की त्या जागेवर यापुढे कुणीही फावडं मारायचं नाही. मी तिला विचारलं, एक शेवटचं घर रचायचं म्हटलं तर? ती म्हणाली, "मिस्टर हॅनाफर्ड, तुम्हालासुद्धा नाही. दंड होईल." सातशे वर्षं जे काम केल्यामुळे ती जागा मोठी ठरली, तेच काम तिथे करायला बंदी. मी इतका हसलो की थर्झा धावत आली.

ती म्हणते, तिच्या मागच्या तुकड्यात जागा आहे. उतार चांगला आहे. बदकांना हलवायला ती तयार आहे. तेव्हा येताना जाड हातमोजे आण.

एनॉक


वेलाकोम
१२ जून १९७७

प्रिय मिस टिलिंग,

तुमची उत्तरेकडे बदली झाल्याचं कळलं. तिथे तरी पाऊस कमी असो.

तुमच्या खात्याच्या नोंदवहीत एक नोंद करायची आहे, म्हणून लिहिते. माझ्या घरामागे, ओढ्यापासून साठ पावलांवर, मातीचा एक लांबट उंचवटा आहे. लांबी अकरा पावलं, रुंदी पाच. तीन बाजूंना चर. आत दगडांनी झाकलेली वाट. तो फार जुना नाही. तो एप्रिल-मे १९७७ मध्ये एनॉक आणि विल्फ्रेड हॅनाफर्ड या दोन भावांनी रचला, वयं अठ्ठ्याहत्तर आणि पंच्याहत्तर. पुढे कधी कुणी शहाणा माणूस इथे येऊन हा सातशे वर्षांचा आहे असं म्हणायला लागला, तर त्याची फसगत व्हायला नको.

काम महिनाभर चाललं. त्यातले दहा दिवस खणण्यात गेले, बाकीचे वाद घालण्यात. एनॉक चर चाचपून म्हणायचा, उतार कमी झाला. विल्फ्रेड म्हणायचा, तुला काय दिसतंय. एनॉक म्हणायचा, तुला दिसत असून हे असं? एकदा तर फावडी टाकून दोघंही आपापल्या खोलीत जाऊन बसले. सगळं जुनं बाहेर निघालं, खोकं, सुई, मेव्हिस, सगळं. इतक्या मोठ्यानं, की चर्चमधून येणारे लोक कुंपणाशी थांबले. मी मधे पडले नाही. संध्याकाळी बाहेर आले तर दोघं शेजारी बसून माती चाळत होते. विल्फ्रेड दगड वेचून देत होता आणि एनॉक तो हातात तोलून म्हणत होता, "मुठीएवढा आहे. टाक."

विल्फ्रेडचं परतीचं तिकीट जुलैचं होतं. ते त्यानं बदलून घेतलं आहे. कधीचं, ते मी विचारलेलं नाही.

घर बांधून झालं तरी ससे आणायचे नाहीत असं दोघांचं एकमत झालं. बहुधा तेवढ्यावरच झालं. कुरणावर आता पुन्हा थोडे ससे आहेत, रोगातून तगलेले. यायचे तर आपल्या पायांनी येतील. तीन आठवडे रोज सकाळी दोघं जाऊन दाराशी बघत होते, म्हणजे एक बघत होता आणि एक विचारत होता. काही नाही. मी तर बदकं परत आणायच्या विचारात होते.

आज सकाळी विल्फ्रेडनं मला हाक मारली. खालच्या तोंडाशी माती ताजी उकरलेली होती आणि बाहेर लेंड्या पडल्या होत्या, सात-आठ, ओल्या. एनॉक कसाबसा गुडघ्यांवर बसला, एक उचलली, बोटांत चुरडली, नाकाशी नेली. मग तळहात तसाच पुढे धरून भावाला म्हणाला, "घे, बघ. कोवळं गवत खाल्लंय. पोटभर."

तुमची
थर्झा ल्युस्कम